बाल्यावस्थेतील कंपायलर: टाइप चेकरचे बग आधी सोडवावेत की कोड जनरेशनचे?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. हळद आणि बेदाण्याच्या अडत व्यवहारातील हिशेब लिहिणे सोपे जावे, एवढ्याच मर्यादित हेतूने विश्रामबागेतील आम्ही काही मित्र एक लहानशी प्रोग्रॅमिंग भाषा तयार करीत आहोत. भाषेत वजन, रक्कम आणि दर असे तीन स्वतंत्र टाइप, म्हणजे किमतींचे प्रकार, आहेत. वजनाला दराने गुणले की रक्कम मिळते. वजनात रक्कम मिळवू पाहणाऱ्याला मात्र कंपायलरने, म्हणजे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाने, दारातच अडवावे, अशी अपेक्षा आहे. वजन क्विंटलमध्ये, म्हणजे दशांश संख्येत ठेवले जाते आणि रक्कम पूर्णांकी पैशांत. टाइप लिहिणे ऐच्छिक असून न लिहिल्यास हिंडली-मिल्नर पद्धतीने, म्हणजे वापरावरून टाइप ओळखून, अनुमान काढले जाते. कंपायलर पायथनमध्ये लिहिलेला आहे आणि तो लिनक्ससाठी थेट एक्स८६-६४ प्रोसेसरची असेंब्ली, म्हणजे शब्दांत लिहिलेल्या यंत्रसूचना, तयार करतो. त्यातील टाइप तपासणारा भाग म्हणजे टाइप चेकर आणि यंत्रसूचना लिहिणारा भाग म्हणजे कोड जनरेटर.

सध्या तीन तक्रारी आहेत. पहिली अशी की, पोत्यांच्या वजनांची रिकामी यादी तयार करून तीत १ क्विंटल टाकले आणि तेच वजन परत वाचून छापले, तर ४६०७१८२४१८८०००१७४०८ असा आकडा येतो. यादी जाहीर करतानाच ‘वजनांची यादी’ असे लिहिले, तर मुकाट्याने १ छापला जातो. दुसरी तक्रार उणे रकमेच्या भागाकाराची आहे. उणे ७ भागिले २ हे आकडे थेट लिहिले तर उत्तर उणे ४ येते; तेच दोन आकडे व्हेरिएबलमध्ये ठेवून भागले तर ९२२३३७२०३६८५४७७५८०४ येते. तिसरी तक्रार म्हणजे हिशेबपट्टी छापणारे फंक्शन. त्यात हमालीसाठी एक व्हेरिएबल वाढवले की प्रोग्रॅम सी लायब्ररीच्या प्रिंटएफ या छापणाऱ्या फंक्शनमध्ये जाऊन कोसळतो आणि ती ओळ काढली की पूर्ववत चालतो.

आमच्यात दोन पक्ष पडले आहेत. सर्व डोलारा टाइप चेकरवर उभा असल्याने नवे काम थांबवून आधी तोच पक्का करावा, असे एकाचे म्हणणे आहे. चुकीचे आकडे शेतकऱ्याच्या पट्टीवर उमटतात ते कोड जनरेशनमुळे, म्हणून आधी ते दुरुस्त करावे, असे दुसऱ्याचे. आपला अनुभव काय सांगतो? आणि मुळात बग कोणाच्या हद्दीतला आहे, हे कसे ओळखावे?

मिरज_जंक्शन

उणे ७ पैशांचे दोन भाग केल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला ९२२ कोटी-कोटी रुपये येत असतील, तर हा बग कृपया दुरुस्त करू नये. पत्ता कळवावा, मी हळद घेऊन येतो.

रजिस्टर_वाचक (पुणे, मूळचा वाळव्याचा)

मिरजकरांनी गाडीभर हळद आणण्यापूर्वी हे पैसे कोठून आले ते सांगतो. एक्स८६ वरील ‘आयडिव्ह’ ही सूचना ६४ बिटांची संख्या भागत नाही. आरडीएक्स आणि आरएएक्स ही दोन रजिस्टरे (प्रोसेसरमधील संख्या ठेवण्याच्या जागा) जोडून होणारी १२८ बिटांची संख्या ती भागते. त्यामुळे भागण्यापूर्वी आरएएक्समधील संख्येचे चिन्ह आरडीएक्सभर पसरवावे लागते आणि त्यासाठी ‘सीक्यूओ’ ही सूचना आहे. आपल्या कोडमध्ये तिच्याऐवजी आरडीएक्सला शून्य केलेले असणार, याची मला जवळजवळ खात्री आहे. तसे केले की उणे ७ ही संख्या २ चा ६४ वा घात वजा ७ एवढी प्रचंड अधिक संख्या म्हणून वाचली जाते, आणि तिची निम्मी म्हणजे नेमका आपण दिलेला आकडा. २ ऐवजी १ ने भागून पाहा. भागाकार ६४ बिटांत मावणार नाही, प्रोसेसर अपवाद उभा करील आणि लिनक्स ‘फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन’ असा संदेश देऊन प्रोग्रॅम बंद करील. व्यवहार पूर्णांकांचा असताना दशांशाच्या नावाने संदेश येतो, हे पाहून अनेकांनी रात्ररात्र चुकीच्या फाइलमध्ये शोध घेतलेला आहे.

हा निखळ कोड जनरेशनचा बग आहे आणि एका ओळीत सुटेल. त्यासाठी पक्षभेदाची आवश्यकता नाही.

कऱ्हाडकर

पहिल्या तक्रारीतील आकडा ओळखीचा आहे. दशांश १ ही संख्या ६४ बिटांच्या आयईईई ७५४ या दशांश संख्यांच्या प्रमाणित मांडणीत ठेवली आणि तेच बिट पूर्णांक म्हणून वाचले, की ४६०७१८२४१८८०००१७४०८ मिळतो. २ क्विंटल टाकून पाहा, ४६११६८६०१८४२७३८७९०४ येईल. हा २ चा बरोबर ६२ वा घात आहे. म्हणजे यादीत वजन व्यवस्थित लिहिले गेले, बिघडले ते वाचताना.

माझा तर्क असा आहे की, येथे टाइप चेकरही बरोबर असू शकतो आणि कोड जनरेटरही. बिघाड दोघांमधील देवघेवीत आहे. अनुमान चालू असताना सिंटॅक्स ट्रीच्या, म्हणजे प्रोग्रॅमची रचना दाखवणाऱ्या झाडाच्या, प्रत्येक नोडवर (सांध्यावर) त्या क्षणी ज्ञात असलेला टाइप लिहून ठेवला जातो. रिकाम्या यादीच्या बाबतीत तो केवळ एक टाइप-व्हेरिएबल, म्हणजे अजून न ठरलेल्या टाइपची रिकामी जागा, असतो. पुढे यादीत वजन पडले की त्या व्हेरिएबलची किंमत ठरते, परंतु नोडवर लिहिलेले जुनेच राहते. अनुमान संपल्यावर सर्व नोडवरून एक शेवटचा फेरा मारून टाइप-व्हेरिएबलांच्या जागी त्यांच्या ठरलेल्या किमती भरणे आवश्यक असते, आणि नव्या कंपायलरमध्ये हा फेरा हमखास राहून जातो.

आता खरा प्रश्न: टाइप ठाऊक नसताना आपला कोड जनरेटर काय करतो? ‘अज्ञात असल्यास ६४ बिटांचा पूर्णांक समजा’ अशी सोय कोणीतरी केलेली असेल, तर ती आजच काढून टाका. अज्ञात टाइप दिसताच कंपायलरने स्वतःच थांबले पाहिजे.

शून्य_आधारित (सातारा)

कऱ्हाडकरांच्या अखेरच्या परिच्छेदाशी मी पूर्णतः सहमत आहे, निदानाशी मात्र नाही. टाइप चेकरला इतक्या लवकर निर्दोष सोडू नये.

यादी बदलता येण्याजोगी आहे आणि ती ‘नवी_यादी()’ अशा कॉलने तयार होते, असे मी गृहीत धरतो. हिंडली-मिल्नरमध्ये व्हेरिएबलला किंमत बांधताना तिच्या टाइपचे सामान्यीकरण होते, म्हणजे ‘कोणत्याही अ साठी, अ ची यादी’ असा टाइप त्या नावाला मिळतो. फंक्शनसाठी हे योग्यच आहे. बदलत्या यादीसाठी ते घातक ठरते, कारण त्यानंतर त्या नावाचा प्रत्येक उल्लेख ‘अ’ ची नवीन प्रत काढतो. वजन टाकताना एक प्रत निघाली आणि ती वजनाशी जुळली. वाचताना दुसरी प्रत निघाली आणि ती कशाशीच जुळली नाही. या दुसऱ्या प्रतीला कऱ्हाडकरांचा शेवटचा फेरा काय किंमत भरणार? तिला किंमतच नाही. यादी जाहीर करताना टाइप लिहिला की सामान्यीकरणाला वावच उरत नाही, म्हणून तेव्हा उत्तर बरोबर येते.

हीच पद्धत वापरणाऱ्या एमएल घराण्यातील प्रोग्रॅमिंग भाषांना ही अडचण फार पूर्वीपासून ठाऊक आहे. या पद्धतीवरील मिल्नर यांचा मूळ लेख १९७८ चा आहे. बदलत्या संदर्भांसाठी १९९० च्या स्टँडर्ड एमएलमध्ये टाइप-व्हेरिएबलांचा एक वेगळा वर्ग ठेवला होता, तो वापरणाऱ्यांना जाचक झाला. अँड्र्यू राइट यांनी १९९५ साली मांडलेला साधा नियम शेवटी १९९७ च्या सुधारित व्याख्येत स्वीकारला गेला: उजवी बाजू केवळ मूल्य असेल, म्हणजे फंक्शन, स्थिरांक, दुसरे नाव किंवा अशाच मूल्यांची रचना असेल, तरच सामान्यीकरण करावे, उजवीकडे कॉल असेल तर करू नये. याला व्हॅल्यू रिस्ट्रिक्शन म्हणतात. आपल्याकडे तो नियम नसावा.

दोघांपैकी कोणाचे खरे, हे पडताळणे अवघड नाही. त्या यादीत आधी वजन टाका, मग रक्कम टाका. कऱ्हाडकर बरोबर असतील तर दुसऱ्या ओळीवर टाइप एरर येईल. माझे बरोबर असेल तर कंपायलर हूं की चूं करणार नाही.

तासगाव_बेदाणा

मी अद्याप विद्यार्थी आहे, त्यामुळे शंका बाळबोध वाटल्यास क्षमा असावी. व्हेरिएबलचा टाइप बाहेरच्या फंक्शनच्या आर्ग्युमेंटवर (त्याला दिलेल्या किमतीवर) अवलंबून असेल, तरीही त्याचे सामान्यीकरण होते का? आमच्या वर्गप्रकल्पात एका मित्राने तसे केले होते आणि मग कोणतेही फंक्शन कोणताही टाइप परत करू लागले.

शून्य_आधारित

शंका अगदी मर्मावर आहे. ते होता कामा नये. भोवतालच्या परिसरात मुक्त असलेली, म्हणजे बाहेरच्या नावांच्या टाइपांत अजून न ठरलेली, टाइप-व्हेरिएबले सामान्यीकरणातून वगळावी लागतात, आणि हा याच कुळातील दुसरा बग आहे. कृष्णाकाठ यांनी तोही तपासावा. एका आर्ग्युमेंटचे फंक्शन लिहा, आत ते आर्ग्युमेंट दुसऱ्या नावाला बांधा आणि त्या नावाला एकदा वजन व एकदा रक्कम म्हणून वापरा. यात कोठेही बदलती यादी नाही. तरीही कंपायलर गप्प राहिला, तर बग व्हॅल्यू रिस्ट्रिक्शनच्या अभावाचा नसून परिसर न तपासण्याचा आहे.

अडत_दुकान (सांगली, मार्केट यार्ड)

मला कंपायलरमधले कळत नाही, हिशेबातले कळते. उणे ७ चे निम्मे उणे ३ की उणे ४, हा प्रश्न आपण यंत्राला का विचारता आहात? पट्टीवर रक्कम भागली की बाकी उरलेला पैसा कोणाच्या तरी खाती जायला हवा. अडत, तोलाई, हमाली वजा करताना आम्ही प्रत्येक कपातीचा आकडा ठरवतो आणि उरेल ते शेतकऱ्याचे, असे धरतो. दोन्ही बाजू स्वतंत्रपणे भागून पूर्णांकात आणल्या तर बेरीज जुळत नाही. आपल्या भाषेत रकमेचा साधा भागाकार असूच नये, असे माझे मत आहे. वाटा आणि बाकी ही दोन्ही उत्तरे एकदम देणारी क्रिया असावी.

रजिस्टर_वाचक

काका, आपण ज्याला हिशेब म्हणता त्यालाच आम्ही भाषेची व्याख्या म्हणतो, आणि या प्रकल्पात ती लिहिलेली दिसत नाही. माझ्या पहिल्या प्रतिसादात अर्धीच गोष्ट होती. ‘सीक्यूओ’ घातल्यावर व्हेरिएबलमधील भागाकार उणे ३ येईल, कारण आयडिव्ह शून्याकडे कापते. थेट लिहिलेल्या आकड्यांचा भागाकार मात्र उणे ४ च राहील. तो कंपाइल होतानाच पायथनमध्ये काढला जात असणार, आणि पायथनचा पूर्णांकी भागाकार खालच्या दिशेने जातो. बाकीच्या चिन्हाचेही तेच. उणे ७ ला २ ने भागून उरणारी बाकी पायथनमध्ये १ आणि आयडिव्हकडे उणे १.

येथे कोणता भाग चुकला, हे व्याख्येशिवाय सांगताच येत नाही. सी भाषेतही १९८९ च्या मानकाने उणे भागाकाराची दिशा कंपायलरवर सोडली होती आणि १९९९ च्या मानकाने ती शून्याकडे बांधली. त्याच ठिकाणी आणखी एक बग दबा धरून बसलेला आहे. पायथनचे पूर्णांक कितीही वाढतात, प्रोसेसरचे ६४ बिटांवर गुंडाळले जातात, म्हणजे मर्यादा ओलांडली की दुसऱ्या टोकापासून सुरू होतात. म्हणून थेट आकड्यांची गणिते काढणाऱ्या भागाने प्रत्येक उत्तर ६४ बिटांत आणून सोडले पाहिजे. आणि पुढेमागे कोणाला २ ने भागण्याऐवजी उजवीकडे शिफ्ट करण्याची (बिट सरकवण्याची) हौस आली, तर उणे संख्येत आधी १ मिळवून मगच शिफ्ट करावे. ४ ने भागायचे असल्यास ३ मिळवावे. एरवी शिफ्टही खालच्या दिशेने जाते आणि तिसरेच मत पुढे येते.

कोयनानगर

एवढा खटाटोप का? असेंब्ली सोडा आणि सी कोड काढा. रजिस्टरे, स्टॅक, आयडिव्ह यांची सगळी काळजी जीसीसी हा सी कंपायलर घेईल. शिवाय आपण काढलेल्या सी कोडवर सर्व वॉर्निंग चालू ठेवल्या, तर टाइपची एक फुकटची तपासणीही पदरात पडते.

रजिस्टर_वाचक

सल्ला व्यवहार्य आहे, परंतु एक अट जोडावी लागेल. सी भाषेत चिन्हांकित पूर्णांकाचे ओव्हरफ्लो (मर्यादेबाहेर जाणे) अव्याख्यात आहे आणि जीसीसीचा ऑप्टिमायझर (कोड वेगवान करणारा भाग) त्या मोकळिकीचा पुरेपूर लाभ घेतो. आपल्या भाषेत रक्कम गुंडाळली जावी असे ठरले असेल, तर ‘एफ-रॅपव्ही’ हा पर्याय देऊनच कंपाइल करावे लागेल. सी मध्ये उतरल्याने बग नाहीसे होत नाहीत, त्यांचा मुक्काम बदलतो.

हत्ता_पद्धत (सातारा)

तिसऱ्या तक्रारीकडे कोणीच वळले नाही, म्हणून लिहितो. एक व्हेरिएबल वाढवले की कोसळते आणि काढले की चालते, हे लक्षण स्टॅकच्या (फंक्शनच्या तात्पुरत्या जागेच्या) अलाइनमेंटचे, म्हणजे पत्ता ठरावीक पटीत नसल्याचे, आहे. लिनक्सवर एक्स८६-६४ साठी पाळल्या जाणाऱ्या सिस्टम व्ही करारानुसार, कॉल करण्याच्या क्षणी स्टॅकचे टोक दाखवणाऱ्या आरएसपी रजिस्टरातील पत्ता १६ ने निःशेष भागला गेला पाहिजे. कॉल स्वतः ८ बाइटचा परतीचा पत्ता ढकलतो, आरबीपी रजिस्टर जतन करण्यात आणखी ८ जातात, मग आपली व्हेरिएबले येतात. प्रत्येक व्हेरिएबल ८ बाइटचे असेल, तर सम संख्येला सर्व जुळते आणि विषम संख्येला ८ चा फरक पडतो. आपली हमाली ही ती विषम संख्या आहे. लायब्ररीतील ‘मूव्हॅप्स’ सारखी सूचना १६ ने न भागल्या जाणाऱ्या पत्त्यावर चालत नाही, म्हणून कोसळणे प्रिंटएफच्या पोटात घडते आणि दोष बिचाऱ्या लायब्ररीवर येतो.

उपाय असा की, फंक्शनच्या आरंभी स्टॅकवर जागा घेताना एकूण आकार १६ च्या पुढील पटीपर्यंत वाढवून घ्यावा. प्रिंटएफसारख्या आर्ग्युमेंटांची संख्या न ठरलेल्या फंक्शनला दशांश पाठवताना एएल रजिस्टरमध्ये, वापरलेल्या व्हेक्टर रजिस्टरांची (दशांश ज्यांतून जातात त्यांची) संख्या ठेवण्याचीही अट आहे. तीही पाहून घ्यावी.

माझ्या नावाचा या प्रकरणाशी योगायोगाने संबंध आहे. हत्ता पद्धतीच्या सौद्यात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत असे आणि तोंडाने कोणी काही बोलत नसे. कॉल करणारे आणि ज्याला कॉल केला ते, या दोन फंक्शनांमधील व्यवहार तसाच चालतो. कोणते बोट म्हणजे काय, यावर दोघांचे आधीच एकमत नसेल, तर रुमाल उचलेपर्यंत कोणालाच पत्ता लागत नाही. सौदा चुकला असे ओरडणारा टाइप चेकर या पातळीवर नसतो.

मिरज_जंक्शन

आणि रुमाल उचलल्यावर सेगमेंटेशन फॉल्ट दिसतो.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तपासण्या करून पाहिल्या. ‘सीक्यूओ’ नव्हते, आरडीएक्सला शून्यच केले जात होते. १ ने भागल्यावर संदेशही भाकितानुसार आला. स्टॅकचा आकार १६ च्या पटीत केल्यावर हमाली सुखाने छापली जाते.

यादीबाबत शून्य_आधारित यांचे निदान खरे ठरले. एकाच यादीत वजन आणि रक्कम दोन्ही टाकली तरी कंपायलरने हरकत घेतली नाही. आर्ग्युमेंटची तपासणी मात्र योग्य रीतीने अडली, म्हणजे परिसराचा विचार होतो आहे. कऱ्हाडकर यांची सूचनाही तितकीच उपयोगी पडली. अज्ञात टाइपला पूर्णांक समजण्याची सोय खरोखरच होती आणि ती काढताच कंपायलर नेमक्या ‘वाचा’ या नोडवर थांबला. तेथे लिहिलेले टाइप-व्हेरिएबल ‘टाका’ च्या नोडवरील व्हेरिएबलाहून वेगळे असल्याचे छापून पाहता आले.

आता एक नवी अडचण. या कडक तपासणीमुळे ‘रिकाम्या यादीची लांबी छापा’ असा निरुपद्रवी प्रोग्रॅमही अडतो, कारण त्या यादीत काहीच न पडल्याने तिचा टाइप कधीच ठरत नाही. शिवाय जेनेरिक, म्हणजे कोणत्याही टाइपसाठी चालणाऱ्या, फंक्शनच्या आतील टाइप-व्हेरिएबलांवरही कंपायलर थांबतो.

कऱ्हाडकर

दुसरे सोपे आहे. जेनेरिक फंक्शनची प्रत्येक टाइपसाठी वेगळी प्रत काढत असाल, तर तपासणी प्रती काढल्यानंतर करावी, आधी नाही. पहिल्यासाठी, ज्या व्हेरिएबलावर कोणतीच अट नाही त्याला एक खास पोकळ टाइप द्यावा. हॅस्केल भाषेचा जीएचसी कंपायलर असाच मार्ग काढतो. त्या टाइपची किंमत छापणे, वाचणे किंवा तिचा आकार विचारणे असा प्रसंग कोड जनरेटरवर आला, तर तेथे थांबावे. लांबी छापण्यासाठी घटकाचा टाइप लागत नाही, त्यामुळे तो प्रोग्रॅम सुटेल.

हळकुंड

एक वेगळा मुद्दा. वजन दशांशात ठेवणेच मुळात गैर आहे. काट्यावर किलो आणि ग्रॅम येतात, ते पूर्णांकी ग्रॅममध्ये ठेवावेत. यंत्रातील दशांश मांडणीत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ शी जुळत नाही, हे सर्वज्ञात आहे. तसे केले असते तर हा ४६ च्या पुढे कोट्यवधीचा आकडा दिसलाच नसता.

शून्य_आधारित

ग्रॅमचा मुद्दा योग्य आहे आणि अखेरीस तेच करावे. परंतु आपल्या शेवटच्या वाक्यातच धोका लपलेला आहे. वजन पूर्णांकी असते तर तो आकडा दिसला नसता, बग मात्र तेथेच राहिला असता. कोणीतरी त्या यादीत ५०,००० पैसे टाकले असते, कोणीतरी ते ५०,००० ग्रॅम म्हणून वाचले असते आणि पट्टीवर ५० किलोचे एक देखणे पोते उमटले असते. आज आकडा इतका विचित्र आला म्हणून तक्रार झाली. ग्रॅमवर जाण्यापूर्वी व्हॅल्यू रिस्ट्रिक्शन घाला, हाच क्रम ठेवा.

मूळ प्रश्नाचे माझे उत्तरही यातच आहे. टाइप चेकर आधी की कोड जनरेशन आधी, ही विभागणी मला उपयोगाची वाटत नाही. जो बग गप्प बसून पटण्याजोगे चुकीचे उत्तर देतो तो आधी, जो प्रोग्रॅम पाडतो तो नंतर, आणि जो योग्य प्रोग्रॅमला विनाकारण नाकारतो तो सर्वांत शेवटी, कारण त्याच्याबद्दल वापरणारा स्वतःच येऊन भांडतो. टाइप चेकरमध्ये नको ते स्वीकारणारे बग असतात आणि हवे ते नाकारणारेही असतात. दोघांना एकाच रांगेत उभे करणे अन्यायाचे होईल.

कोयनानगर

तत्त्वतः मान्य, पण गप्प बसणारा बग सापडणार कसा? तक्रारच येत नाही. माझ्या मते भाषेचा एक साधा इंटरप्रिटर लिहावा, सिंटॅक्स ट्रीवरून थेट चालणारा. तोच प्रोग्रॅम इंटरप्रिटरवर आणि कंपाइल करून, असा दोनदा चालवावा आणि उत्तरे ताडून पाहावीत. यूटा विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये सीस्मिथ हे यादृच्छिक सी प्रोग्रॅम तयार करणारे साधन वापरून अशाच तुलनेतून निरनिराळ्या सी कंपायलरांमधील ३२५ हून अधिक अज्ञात बग उघडकीस आणले होते. त्यांत जीसीसी आणि एलएलव्हीएमही होते, तेव्हा आपण नव्या कंपायलरबद्दल संकोच बाळगण्याचे कारण नाही.

रजिस्टर_वाचक

इंटरप्रिटर अवश्य लिहावा, पण तोही पायथनमध्येच लिहिणार ना? मग तो उणे ७ भागिले २ चे उत्तर उणे ४ सांगेल, थेट आकड्यांची गणिते काढणारा भाग त्याला दुजोरा देईल आणि एकटा पडलेला कोड जनरेटर दोषी ठरवला जाईल. दोन साक्षीदार एकाच घरचे असतील तर बहुमताला अर्थ नाही. इंटरप्रिटरमध्ये भागाकार, बाकी आणि ६४ बिटांवरील गुंडाळणी ही व्याख्येनुसार हाताने लिहावी लागेल, पायथनचे चिन्ह उसने घेऊन चालणार नाही.

हत्ता_पद्धत

आणि तुलना केवळ छापलेल्या उत्तरांची करू नये. प्रत्येक टप्प्यानंतर मधल्या कोडची स्वतंत्र तपासणी असावी: प्रत्येक किमतीला टाइप आहे का, ती वापरण्यापूर्वी निर्माण झाली आहे का, कॉलमधील आर्ग्युमेंटांची संख्या आणि टाइप जुळतात का. एलएलव्हीएममध्ये अशी तपासणी आहे. ती उत्तर बरोबर की चूक हे सांगत नाही, पण बिघाड कोणत्या टप्प्यावर शिरला हे सांगते, आणि आपला दुसरा प्रश्न नेमका तोच होता.

तासगाव_बेदाणा

यादृच्छिक प्रोग्रॅममधून बग सापडला, पण तो प्रोग्रॅमच शेकडो ओळींचा असला तर?

कोयनानगर

ओळी काढत जाव्यात आणि दरवेळी बग शिल्लक आहे का ते पाहावे. हे काम हाताने करू नये, त्यासाठी लहानशी स्क्रिप्ट पुरते. सी भाषेसाठी सी-रिड्यूस हे तयार साधन आहे. मात्र ‘बग शिल्लक आहे’ याची कसोटी काटेकोर ठेवावी. नुसते ‘प्रोग्रॅम कोसळतो’ असे लिहिले, तर स्क्रिप्ट ओळी कापता कापता दुसऱ्याच एखाद्या बगपाशी पोहोचते.

कृष्णाकाठ

व्हॅल्यू रिस्ट्रिक्शन घातले. यादीत वजनानंतर रक्कम टाकली की आता योग्य ओळीवर एरर येते. मात्र आमच्याच लायब्ररीतील यादीतील प्रत्येक घटक छापणारी ‘सर्व_छाप = प्रत्येकी(छाप)’ ही ओळ अडचणीत आली. पूर्वी ती वजनांच्या आणि रकमांच्या अशा दोन्ही याद्यांसाठी चालत असे. आता पहिल्या वापरात ती वजनाला चिकटते आणि रकमांच्या यादीवर टाइप एरर देते.

शून्य_आधारित

ही त्या नियमाची ठरलेली किंमत आहे. उजवीकडे कॉल असल्याने सामान्यीकरण होत नाही. ओळ ‘सर्व_छाप(यादी) = प्रत्येकी(छाप, यादी)’ अशी लिहा. आता उजवी बाजू फंक्शन झाली आणि फंक्शन हे मूल्य आहे, त्यामुळे दोन्ही याद्या चालतील. एरर संदेशातच ही सूचना दिलीत तर वापरणाऱ्यांचे शिव्याशाप कमी होतील.

अडत_दुकान

भागाकाराचे काय ठरले?

कृष्णाकाठ

काका, आपल्या सूचनेप्रमाणे रकमेवरचा साधा भागाकार काढून टाकला. ‘विभाग’ ही क्रिया वाटा आणि बाकी एकदम देते, वाटा शून्याकडे कापला जातो आणि बाकीचे चिन्ह मूळ रकमेचे राहते. थेट आकड्यांसाठी, इंटरप्रिटरसाठी आणि असेंब्लीसाठी हीच व्याख्या एका पानावर लिहिली असून तिघांकडून त्या पानावरील प्रत्येक उदाहरण चालवून घेतले जाते. दोन्ही पक्षांनी ते पान मान्य केले आहे.

रजिस्टर_वाचक

त्या पानावर ६४ बिटांतील सर्वांत लहान उणे संख्या भागिले उणे १ हे उदाहरण आहे का? तिचे उत्तर ६४ बिटांत मावत नाही, त्यामुळे आयडिव्ह तेथेही अपवाद उभा करील आणि आपला पायथन मात्र शांतपणे उत्तर देईल.

कृष्णाकाठ

नव्हते. आता घातले आहे, आणि असेंब्ली त्यावर कोसळते.